पाणीपट्टी वाढतेच आहे, पण नेमकी कशापायी?

सांजवात

पाणीपट्टीचं नवं बिल आलं. रक्कम पुन्हा वाढलेली. सोबतच्या पत्रकात कारण म्हणून एकच ओळ आहे: वाढता खर्च भागवण्यासाठी दर सुधारण्यात येत आहेत. कोणता खर्च, कधीपासून वाढला, किती वाढला, यावर अक्षर नाही. आमच्या घरातला वापर उलट कमी झालाय. माणसं कमी झाली, गळके नळ बदलून घेतले, धुण्याचं पाणी झाडांना जातं. युनिट कमी झाले आणि रक्कम वाढली.

दरवाढीचा राग आहेच, पण त्याहून जास्त चीड वेगळ्या गोष्टीची आहे. आमच्याकडे नवी पाणी योजना चालू आहे. आधी मूळ अंदाजपत्रक आलं, मग सुधारित, मग त्यावर पुन्हा वाढ. मुदतवाढी तर लोकांनी मोजायच्या सोडून दिल्या. दर वेळी बातमी एकच असते, वाढीव खर्चाला मंजुरी. मंजुरी देणारे वेगळे आणि भरणारे आम्ही. नळाला पाणी मात्र पूर्वीइतकाच वेळ येतं आणि वरच्या मजल्यावर चढतच नाही.

हरकती मागवल्या तेव्हा आम्ही शेजारीपाजारी मिळून गेलो होतो. लोक कळकळीने बोलले, समोरच्यांनी लिहून घेतलं, आणि नंतर समजलं की दर आधीच ठरले होते. विचार करता करता लक्षात आलं की खरा निर्णय त्या दिवशी नव्हताच. योजना मंजूर झाली, कर्ज काढायचं ठरलं, तेव्हाच आमची पाणीपट्टी ठरली होती. त्या बैठकीला आमच्यापैकी कोणी गेलं नाही, कारण विषयपत्रिकेवर पाणीपट्टी हा शब्दच नव्हता.

म्हणून माझी मागणी अशी आहे की योजनेला मंजुरी देतानाच तिच्यामुळे घरटी पाणीपट्टी किती वाढणार, किती वर्षं वाढणार, हे लेखी सांगितलं जावं. सुधारित अंदाजपत्रक आलं तर तो आकडाही सुधारून पुन्हा लोकांसमोर ठेवावा. कुणी आपल्या भागात असा हिशेब मिळवला आहे का? कसा मागायचा?

रानवारा

शब्दाशब्दाशी सहमत. आमच्याकडे तर पाइपलाइनसाठी रस्ता खणला, बुजवला, डांबर घातलं आणि काही महिन्यांत तोच रस्ता पुन्हा खणला. दोन्ही वेळचे पैसे आपलेच.

उपअभियंता_निवृत्त

सांजवातताई, पाणीपुरवठ्यात उभी हयात गेली म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तुमचा राग योग्य आहे, पण 'वापर कमी झाला तरी बिल वाढलं' यात फसवणूकच असते असं नाही.

पाणी देण्याच्या खर्चातला मोठा भाग स्थिर असतो. जलवाहिन्या, टाक्या, शुद्धीकरण केंद्र, कर्मचारी, कर्जाचे हप्ते. तुम्ही एक बादली वापरा नाहीतर दहा, हा खर्च तेवढाच राहतो. वापरानुसार बदलतात ती मुख्यतः वीज आणि रसायनं. वीजही कमी लागत नाही. १००० लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायचं तर पंपाची कार्यक्षमता धरून सुमारे ०.४ युनिट वीज जाते, आणि ती प्रत्येक हजार लिटरला जाते, अगदी वाटेत गळून गेलेल्या पाण्यालासुद्धा. वसुली मात्र बहुतेक ठिकाणी वापरावर होते. सगळ्यांनी वापर कमी केला की उत्पन्न घटतं, खर्च तिथेच राहतो, आणि दर वाढतो.

केपटाऊनचं उदाहरण घ्या. २०१५ ला तिथे रोजचा वापर सुमारे १२० कोटी लिटर होता. दुष्काळात लोकांनी जिवापाड काटकसर करून २०१८ च्या सुरुवातीला तो निम्म्याहून खाली आणला. धरणं कोरडी पडायची वेळ टळली. मग त्याच वर्षी जुलैपासून नळजोडाच्या व्यासानुसार स्थिर आकार लागू झाला, कारण काटकसरीमुळे तिजोरी रिकामी झाली होती. लोक संतापले. त्यांचा संताप मला समजतो आणि तिथल्या लेखा विभागाची अडचणही.

आणखी एक, जे कुणाला ऐकायला आवडत नाही. वर्षानुवर्षं दर गोठवून ठेवले जातात. निवडणूक येते, वाढ पुढे ढकलली जाते. त्या काळात सगळ्यात आधी कात्री लागते ती देखभालीला. जुना पाइप बदलायचा राहतो, झडप गंजते, पंप मूळ क्षमतेच्या खाली चालत राहतो. मग एके दिवशी सगळं एकदम करावं लागतं आणि भलीमोठी योजना येते. आज दिसणारी उडी ही काही अंशी आधीच्या न झालेल्या छोट्या वाढींची बेरीज आहे.

सांजवात

काका, स्थिर खर्चाचं पटलं, आणि इतक्या सोप्या भाषेत हे आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. पत्रकात एवढं जरी लिहिलं असतं तरी लोक ऐकून घेतात. पण मग गळतीचं काय? आमच्या कोपऱ्यावरच्या व्हॉल्व्हमधून पाणी वाहतंय ते सगळा रस्ता बघतो. ते पाणी कुणाच्या बिलात जातं?

उपअभियंता_निवृत्त

तुमच्याच. इथे मी तुमच्या बाजूने आहे, पूर्णपणे.

शुद्ध करून सोडलेल्या पाण्यातलं ४० टक्के पाणी हिशेबात येत नसेल, तर घरात १०० लिटर पोचवायला जवळजवळ १६७ लिटर शुद्ध करावे लागतात. त्या ६७ लिटरची वीज, तुरटी, क्लोरीन, सगळं बिल भरणाऱ्याच्या माथी येतं. यात सगळी गळतीच असते असं नाही. काही चोरीचे जोड, काही बंद मीटर, काही बिलच न आकारलेला वापर. जगभरात असं वाया जाणारं किंवा हिशेबाबाहेर राहणारं पाणी २०१९ च्या एका अभ्यासानुसार वर्षाला १२६ अब्ज घनमीटर आहे.

हे कमी करता येतं आणि त्यात गूढ काही नाही. शहराचे छोटे भाग पाडायचे, प्रत्येक भागात शिरणारं पाणी मोजायचं, आणि पहाटे दोन ते चारच्या दरम्यान आकडा बघायचा. त्या वेळी माणसं झोपलेली असतात. तरीही पाणी वाहतंय म्हणजे ते जमिनीत चाललंय. मग काठी आणि कान घेऊन शोधायचं, आता त्यासाठी चांगली यंत्रंही आहेत.

कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हला, १९९३ मध्ये ७२ टक्के पाणी हिशेबाबाहेर जात होतं. युद्धाने मोडून पडलेलं शहर, दिवसातले काही तासच पाणी. नव्या प्रमुखांनी घरोघरी मीटर बसवले, मोठ्या धेंडांना आणि लष्करी अधिकाऱ्यांनाही सूट दिली नाही, चोरीच्या जोडात हात असलेल्या आपल्याच कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. २०१० च्या सुमारास ते प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आलं आणि पाणी चोवीस तास झालं. त्या प्रमुखांना २००६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दर तिथेही वाढले. पण पाणी आणि दर दोन्ही हातात हात घालून आले, म्हणून लोकांनी भरले.

जाता जाता: पाणी ठरावीक वेळच येत असेल तर सुरुवातीला नळातून फुसफुस होते ती हवा. मीटर त्या हवेनेही फिरतं. बिल वाजवीपेक्षा जास्त वाटत असेल तर मीटरजवळ हवा सोडणारी झडप आहे का ते पाहा.

हिशेबनीस

माझं काम ताळेबंद वाचण्याचं, म्हणून कर्जाबद्दल लिहितो. ह्याच भागाकडे कुणी बघत नाही.

समजा योजनेसाठी १०० कोटींचं कर्ज काढलं, व्याज ८ टक्के, मुदत २० वर्षं, समान वार्षिक हप्ते. वर्षाचा हप्ता येतो सुमारे १०.२ कोटी आणि एकूण परतफेड जवळपास २०४ कोटी. हप्ता जड होतो म्हणून मुदत ३० वर्षं केली तर तो ८.९ कोटींवर येतो आणि एकूण परतफेड २६६ कोटींवर जाते. आता योजनेचा खर्च १०० चा १४० झाला आणि वाढीव रक्कमही कर्जानेच उभी केली, तर २० वर्षांच्या हिशेबाने हप्ता १४.३ कोटी. बातमीत छापून येतं '४० कोटींची वाढ'. लोकांच्या पाणीपट्टीतून जातात त्या जास्तीच्या ४० चे ८१ कोटी. आणि पाइप खराब निघाला म्हणून हप्ता थांबत नाही.

खर्च वाढणं हा अपवाद नसून नियम आहे, हेही समजून घ्यायला हवं. मोठ्या प्रकल्पांच्या खर्चाचा अभ्यास करणारे डॅनिश संशोधक बेंट फ्लिव्हबर्ग यांनी सहकाऱ्यांसोबत २००२ मध्ये २५८ वाहतूक प्रकल्प तपासले. दहापैकी नऊ प्रकल्पांत खर्च अंदाजाबाहेर गेला होता, सरासरी २८ टक्क्यांनी. नंतर २०१४ मध्ये २४५ मोठ्या धरणांचा अभ्यास झाला, त्यात सरासरी वाढ होती ९६ टक्के. जवळजवळ दुप्पट. आता दर वेळी चूक एकाच दिशेने होत असेल तर तिला चूक म्हणायला मी तयार नाही. अंदाज कमी दाखवला की मंजुरी सोपी जाते, आणि काम अर्ध्यावर आलं की कुणी मागे फिरू शकत नाही. म्हणून सांजवात यांची मागणी मला फार महत्त्वाची वाटते. तिच्यात एवढीच भर घालतो की मंजुरीच्या वेळी एक आकडा न देता दोन द्यावेत: सगळं अंदाजाप्रमाणे झालं तर पाणीपट्टी किती, आणि खर्च दीडपट झाला तर किती.

हे न केल्यावर काय होतं ते अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जेफरसन काउंटीत दिसलं. सांडपाणी नद्यांमध्ये जात होतं, रहिवासी न्यायालयात गेले, आणि १९९६ मध्ये मलवाहिन्या दुरुस्त करण्याचं बंधन आलं. मागणी रास्तच होती. पण कामाचा पसारा वाढत गेला, कर्ज ३ अब्ज डॉलरच्या वर गेलं, ते गुंतागुंतीच्या व्याजकरारांत अडकवलं गेलं, आणि अधिकारी व ठेकेदार लाचखोरीत दोषी ठरले. २००८ च्या आर्थिक संकटात व्याज भडकलं. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली. बाहेर पडताना ठरलेली दरवाढ अशी: पहिली चार वर्षं ७.४१ टक्के, पुढे दर वर्षी ३.४९ टक्के, काही दशकं. ज्यांनी सह्या केल्या त्यांच्यापैकी कुणी तोपर्यंत खुर्चीवर नसेल.

दुसरं उदाहरण मेलबर्नचं. दीर्घ दुष्काळात घाबरून वॉन्थागीला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रचंड प्रकल्प घेतला. डिसेंबर २०१२ मध्ये तो पूर्ण होईपर्यंत पाऊस परतला होता. २०१७ पर्यंत शहराने त्यातून पाणी घेतलं नाही, पण करारानुसार ठरलेले पैसे द्यावेच लागत होते, आणि ते घरांच्या बिलांतूनच गेले.

उपअभियंता_निवृत्त

मेलबर्नबाबत असहमत. दुष्काळ संपला नसता तर हाच प्रकल्प दूरदृष्टीचा ठरला असता. चाळीस लाख लोकांच्या शहराला पाण्यावाचून ठेवण्याचा धोका कुठला अभियंता पत्करेल? पाण्यात थोडी जादा क्षमता लागतेच.

हिशेबनीस

जादा क्षमता हवी, मान्य. प्रश्न आहे किती हवी आणि ती कोणत्या अटींवर. एवढा मोठा प्रकल्प एकदम घेण्याऐवजी टप्प्याटप्प्याने घेता आला असता का, हा प्रश्न तिथे विचारला गेला होता. करार सह्या होण्याआधी लोकांसमोर आला असता तर उत्तर काहीही येवो, ते लोकांचं असतं.

अबोली

मी भाड्याने राहते. आमच्या वाड्यात सहा बिऱ्हाडं आणि एकच नळजोड. इथे चर्चा चाललीये ती स्वतःच्या नावावर मीटर असलेल्यांची, म्हणून मुद्दाम लिहिते.

टप्प्यांचे दर गरिबांच्या हिताचे असतात असं सगळे धरून चालतात. कमी वापराला कमी दर, जास्त वापराला जास्त. ऐकायला बरोबर वाटतं. पण एका मीटरवर सहा कुटुंबं असली की सगळ्यांचा वापर एकत्र मोजला जातो आणि आम्ही थेट वरच्या टप्प्यात जातो. प्रत्येकी मोजून मापून पाणी वापरणारी आम्ही माणसं बंगल्यातल्या बागेचा दर भरतो. शिवाय बिल मालकांच्या नावावर, त्यामुळे हरकत नोंदवायला गेलं की पहिला प्रश्न 'ग्राहक क्रमांक तुमच्या नावावर आहे का?' सवलतीची कुठलीही योजना आमच्यापर्यंत पोचत नाही.

उपाय आहेत. दक्षिण आफ्रिकेने २००१ पासून प्रत्येक घराला महिन्याला ६००० लिटर पाणी मोफत देण्याचं धोरण घेतलं. पण तेही घरामागे आहे, माणसामागे नाही, त्यामुळे मोठ्या कुटुंबांना तिथेही अपुरं पडलं आणि प्रकरण तिथल्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं. चिलीत सगळ्यांना दर एकच, आणि गरीब कुटुंबाच्या ठरावीक पाण्याचा काही भाग सरकार भरतं. फिलाडेल्फियात २०१७ पासून गरजू घरांचं बिल उत्पन्नाच्या प्रमाणात ठरतं. मला तिसरी पद्धत सगळ्यात माणुसकीची वाटते. कारण दर वाढला तरी ज्याच्या घरात पैसाच नाही त्याच्यावर तो कोसळत नाही.

दर किती वाढावा यावर तुम्ही जरूर बोला. पण तो कुणावर किती पडतो हे त्याच बैठकीत ठरलं पाहिजे.

रानवारा

एवढं सगळं वाचून मला एकच सुचतं. सगळ्यांनी मिळून बिल भरणं थांबवायचं. तोपर्यंत कुणी जागं होणार नाही.

उपअभियंता_निवृत्त

कृपया असं करू नका. आधी बंद पडेल ती तुमच्याच भागातली दुरुस्ती. थकबाकी वाढली की ती पुढच्या दरात धरली जाते, आणि जो प्रामाणिकपणे भरतो त्याच्याकडून वसूल होते.

पैलतीर

काकांचं बरोबर, पण बहिष्काराने काहीच होत नाही असंही नाही. आयर्लंडमध्ये ऑक्टोबर २०१४ पासून घरगुती पाण्यावर आकार लागला. त्याआधी नव्या पाणी कंपनीने सल्लागारांवर ५ कोटी युरो खर्च केल्याचं बाहेर आलं होतं, आणि लोकांचा विश्वास तिथेच उडाला. लाखो लोक रस्त्यावर आले, असंख्यांनी भरलंच नाही. २०१६ मध्ये आकार स्थगित झाला आणि नंतर भरलेल्यांचे पैसे परत केले गेले. आता तो खर्च सर्वसाधारण करांतून जातो. म्हणजे पैसे लोकच देतात, फक्त वेगळ्या खिशातून. गळक्या वाहिन्यांचं काम आंदोलनाने झालं नाही, ते करावंच लागतंय.

बोलिव्हियातलं कोचाबांबा शहर तर आपल्या विषयाला अगदीच लागू. १९९९ मध्ये तिथला पाणीपुरवठा खासगी कंपनीला दिला, आणि करारात मिसिकुनी धरणाच्या प्रकल्पाचा भार होता. जानेवारी २००० मध्ये बिलं आली ती काहींची दुप्पट. धरणाचं पाणी यायचं होतं, पैसे आधीच मागितले गेले. शहर पेटलं, सतरा वर्षांच्या एका मुलाचा गोळी लागून जीव गेला, आणि एप्रिलमध्ये करार रद्द झाला. लोक जिंकले. पण शहराच्या दक्षिणेकडच्या गरीब वस्त्या पुढेही कितीतरी वर्षं टँकरच्याच भरवशावर राहिल्या. हे दोन्ही सांगावंसं वाटतं, कारण फक्त पहिला भाग सांगितला जातो.

मला सगळ्यात आशादायक वाटतं ते बर्लिन. १९९९ मध्ये पाणीपुरवठ्याचा जवळजवळ अर्धा हिस्सा खासगी कंपन्यांना विकला, करार गुप्त ठेवले. दर चढत गेले. नागरिकांनी मागणी केली ती दर कमी करण्याची नव्हे, करार उघड करण्याची. सह्या गोळा करून सार्वमत घ्यायला लावलं. १३ फेब्रुवारी २०११ ला ९८ टक्क्यांहून जास्त मतं करार उघड करण्याच्या बाजूने पडली. करारात कंपन्यांना नफ्याची हमी दिलेली होती हे सगळ्यांना कागदावर दिसलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत शहराने हिस्सा परत विकत घेतला आणि दरही खाली आले.

रानवारा

ठीक आहे, बहिष्काराचा हट्ट सोडतो. पण मग नुसतं 'हिशेब द्या' म्हणून अर्ज केला की 'माहिती संकलित करण्यात येत आहे' असं उत्तर येतं. त्याचं काय करायचं?

हिशेबनीस

मोघम मागितलं की मोघम मिळतं. कागदाचं नाव घेऊन मागायचं. मूळ अंदाजपत्रक आणि प्रत्येक सुधारित अंदाजपत्रक, कारणांसह. ठेकेदाराला दिलेल्या मुदतवाढीचे आदेश, आणि दंड आकारला की माफ केला हे. कर्जाचा करार आणि परतफेडीचं वेळापत्रक. त्यात एक बारीक मुद्दा आवर्जून बघा. योजनेचा काही भाग अनुदानातून आला असेल, तर त्या भागावर घसारा (म्हणजे वापरामुळे मालमत्तेची दर वर्षी घटणारी किंमत) लावून तो दरात धरलाय का? अनुदान परत करायचं नसतं, तरी त्याची किंमत ग्राहकाकडून हळूहळू वसूल होताना मी पाहिली आहे. आणि पाणीपट्टीची रक्कम स्वतंत्र खात्यात राहते की इतर कामांकडे वळते, हे लेखापरीक्षण अहवालात सापडतं. ते अहवाल वाचा. भाषा रुक्ष असते, पण आक्षेप तिथेच लिहिलेले असतात.

उपअभियंता_निवृत्त

यात माझी भर: उपसा केंद्राच्या नोंदवह्या मागा. पंप रोज किती तास चालला, किती पाणी उचललं, किती वीज लागली. त्यावरून शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी आणि बिल झालेलं पाणी यांची तुलना करता येते. आकडा लपवायचा म्हटलं तरी वीजबिल खोटं बोलत नाही. कागद मिळाले की मला दाखवा, मी वाचून देईन. ज्या खात्यात मी काम केलं त्याबद्दल मला प्रेम आहे, आणि म्हणूनच ते लोकांच्या नजरेला नजर देऊ शकावं असं मनापासून वाटतं.

सांजवात

काका, हिशेबनीस, दोघांचे आभार. आमच्या गल्लीतल्या काही जणांना हा धागा वाचायला दिलाय, अर्जावर सह्या करायला ते तयार आहेत. योजनेचं तिसरं सुधारित अंदाजपत्रक लवकरच बैठकीत येणार असं ऐकतेय. या वेळी बिलाची वाट न बघता त्या बैठकीआधीच निवेदन द्यायचं ठरलंय, आणि त्यात पहिला मुद्दा हाच: वाढीव खर्चामुळे घरटी पाणीपट्टी किती वाढेल ते ठरावातच लिहा.

अबोली

त्यात एका जोडावर किती कुटुंबं आहेत त्याची नोंद घेऊन टप्पा ठरवा, ही मागणीही घालाल का? आणि भाडेकरूंच्या सह्या चालतील ना?

सांजवात

दुसरा मुद्दा तुमचाच घेते, शब्द तुम्हीच लिहून द्या. सह्या अर्थातच चालतील, पाणी तुम्हीही भरताच. मसुदा उद्या रात्री इथेच टाकते, सगळ्यांनी बघून दुरुस्त्या सुचवा.